चवदार तळ्यापासून समुद्रतळापर्यंत

निवासी शाळेच्या सहलींची यादी आपणा सर्वांना पाठ आहे : नागपूरची दीक्षाभूमी, मुंबईची चैत्यभूमी, महाडचे चवदार तळे, अजिंठा, वेरूळ. ही स्थळे मुलांना त्यांचा इतिहास प्रत्यक्ष उभा करून दाखवतात. त्यांतील एकही नाव वगळावे असे मी म्हणणार नाही. मात्र या यादीत एका नावाची भर घालावी, असा माझा प्रस्ताव आहे. आपल्या विद्यालयातील प्रत्येक विद्यार्थ्याला आणि विद्यार्थिनीला आठवीच्या वर्षात शाळेने पोहायला शिकवावे. त्यानंतर त्यांना मालवणच्या समुद्रावर न्यावे आणि डोळ्यांवर मास्क, तोंडात श्वासनळी देऊन पाण्याखालची जीवसृष्टी दाखवावी. या क्रियेला स्नॉर्केलिंग म्हणतात. पर्यटनाच्या जाहिरातींनी हा शब्द चैनीच्या खात्यात जमा केला आहे. तो शिक्षणाच्या खात्यात वर्ग करावा, एवढेच या लेखाचे प्रतिपादन आहे.

स्नॉर्केलिंग म्हणजे पाण्याच्या पृष्ठभागावर पालथे तरंगत राहून खाली पाहणे. डोळे आणि नाक झाकणारा काचेचा मास्क, तोंडात धरायची हातभराहून थोडी आखूड नळी आणि अंगात लाइफ जॅकेट, एवढेच त्याचे साहित्य. पाठीवर हवेची टाकी बांधून खोल उतरण्याचा स्कूबा डायव्हिंग हा प्रकार वेगळा; त्याचा विचार येथे नाही. तरंगता येणे, तोंडाने संथ श्वास घेता येणे आणि घाबरून न जाणे, या तीन गोष्टी ज्या मुलाला साधल्या त्याला समुद्राचा उथळ तळ वाचता येतो. परंतु आपल्या मुलांच्या बाबतीत प्रश्न या तीन गोष्टींच्याही आधीचा आहे. तो पाण्याशी असलेल्या नात्याचा आहे, आणि त्या नात्याला इतिहास आहे.

तो इतिहास आपल्याला नवा नाही. १९२३ साली रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळाने संमत केला आणि सार्वजनिक पाणवठे अस्पृश्य मानलेल्यांना कागदोपत्री खुले झाले. महाडच्या नगरपालिकेनेही तसाच ठराव केला. तरीही ज्या चवदार तळ्यावर गुरेढोरे निर्वेधपणे पाणी पीत होती, तेथे माणसांची ओंजळ पोहोचू शकत नव्हती. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारोंच्या समुदायासह तळ्याच्या पायऱ्या उतरले आणि त्यांनी ते पाणी प्राशन केले. पुढे सत्याग्रहींवर हल्ले झाले, तळे बाटले म्हणून घागरी ओतून त्याची तथाकथित शुद्धी करण्यात आली, आणि खटला दहा वर्षे चालला. १९३७ साली मुंबई उच्च न्यायालयाने अस्पृश्यांच्या बाजूने निकाल दिला. डिसेंबर १९२७ च्या परिषदेत बाबासाहेबांनी स्पष्ट केले होते की हा लढा केवळ तहान भागवण्यासाठी नाही. आपणही इतरांसारखी माणसे आहोत हे सिद्ध करण्यासाठी आहे. त्या परिषदेची तुलना त्यांनी १७८९ च्या फ्रेंच राष्ट्रीय सभेशी केली होती. पाण्याचा प्रश्न त्यांनी प्रथमपासूनच मनुष्यत्वाच्या पातळीवर मांडला होता, ही गोष्ट येथे महत्त्वाची आहे.

या इतिहासाची एक बाजू मात्र आपण क्वचितच विचारात घेतो. पाणवठ्यावर बंदी म्हणजे पिण्याच्या पाण्यावर बंदी, इतकाच अर्थ आपण लावतो. परंतु गावातील विहीर ही पोहण्याची शाळाही होती. पाठीला वाळलेला भोपळा किंवा पत्र्याचा डबा बांधून थोरला भाऊ, काका किंवा शेजारी लहान मुलाला विहिरीत उतरवीत असे. दोन उन्हाळ्यांत पोरगे डबा सोडून देई. हे ज्ञान पुस्तकातून मिळत नाही, ते एका पिढीच्या हातातून दुसरीच्या अंगात जाते. ज्यांना विहिरीच्या काठावर उभे राहण्याचीही मुभा नव्हती, त्यांच्या घरात हे ज्ञान कोठून यावे? ज्या बापाला पोहता येत नाही तो मुलाला शिकवू शकत नाही. तो त्याला पाण्यापासून दूर राहायला शिकवतो. बंदी उठते, कायदा बदलतो, आणि भीती मात्र वारसाहक्काने चालत राहते. नद्या-खाड्यांच्या काठी राहिलेल्या आपल्या काही बांधवांचा अनुभव वेगळा असेल. पण कोरडवाहू मुलखातून, टँकरच्या रांगेतून आणि ऊसतोडीच्या कोपीतून या वसतिगृहात येणाऱ्या मुलांच्या दृष्टीने पाणी म्हणजे घागर, हंडा आणि बादली. त्यांच्या कल्पनेत पाणी डोक्यावरून वाहून आणायचे असते. त्यात अंग टाकून निर्धास्त तरंगता येते, हे त्यांच्या अनुभवात नसते.

जगात इतरत्रही असेच घडले आहे. अमेरिकेतील मिसिसिपी राज्यात बिलॉक्सीचा समुद्रकिनारा कृष्णवर्णीयांना बंद होता. डॉ. गिल्बर्ट मेसन या कृष्णवर्णीय वैद्यांनी १९५९ मध्ये आणि पुन्हा १९६० मध्ये आपल्या लोकांसह त्या पाण्यात प्रवेश केला. दुसऱ्या वेळी गोऱ्या जमावाने साखळ्या आणि दांडकी घेऊन त्यांना मारहाण केली. चवदार तळे आणि बिलॉक्सीचा किनारा यांत तीन दशकांचे आणि दोन महासागरांचे अंतर आहे. विषमतेला मात्र पाण्याचे महत्त्व दोन्हीकडे सारखेच कळलेले दिसते. पाण्यात माणसे एकत्र येतात, अंगाला अंग लागते आणि शुद्धाशुद्धतेची सगळी मांडणी विरघळू लागते. म्हणूनच पाण्याभोवती पहारे बसवले गेले.

या भीतीची किंमत आजही मोजावी लागते. दुष्काळी भागात शेततळी झाली हे चांगलेच झाले. परंतु प्लास्टिकच्या कागदाचे अस्तर असलेल्या शेततळ्याच्या उतारावर पाय ठरत नाही, हाताला धरायला काही सापडत नाही. पाणी काढायला, पाय धुवायला किंवा नुसते खेळायला गेलेले मूल घसरले की वर येत नाही, आणि त्याला वाचवायला उतरलेले दुसरेही बुडते. अशा बातम्या आपण दर उन्हाळ्यात वाचतो आणि हळहळतो. जागतिक आरोग्य संघटना शालेय वयातील मुलांना पोहणे आणि जलसुरक्षा शिकवण्याची शिफारस करते. संयुक्त राष्ट्रसंघाने २०२१ साली २५ जुलै हा दिवस बुडून होणारे मृत्यू टाळण्याच्या जागृतीसाठी जाहीर केला. आपल्या शाळांच्या दिनदर्शिकेत तो अद्याप आलेला नाही. तेव्हा समुद्राचा विचार घटकाभर बाजूला ठेवला, तरी प्रत्येक मुलाला पोहता आले पाहिजे हे मागणे पुरेसे सबळ राहते.

मग समुद्रच का, असा प्रश्न येईल. त्याचे एक उत्तर इतिहासाच्या अभ्यासक म्हणून देतो. बौधायन धर्मसूत्राने समुद्रप्रवासाला माणसाचे पतन घडवणाऱ्या कर्मांत गणले. पुढे सिंधुबंदीचा दंडक याच विचारातून पक्का झाला. बौद्ध परंपरेने मात्र समुद्राकडे पाठ फिरवली नाही. आजच्या पालघर जिल्ह्यातील सोपारा हे प्राचीन शूर्पारक बंदर. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांना तेथे सम्राट अशोकाच्या शिलालेखाचा तुकडा मिळाला आणि त्याच वर्षी तेथील स्तूपाचे उत्खनन झाले. समुद्रावर व्यापार करून पुढे भिक्खू झालेल्या पूर्णाची कथा याच शूर्पारकाची. औरंगाबादच्या सातव्या लेणीत अवलोकितेश्वर ज्या संकटांतून उपासकांना सोडवतो, त्यांत फुटणारे जहाजही कोरलेले आहे. पश्चिम किनाऱ्यावरील बौद्धांना समुद्र परका नव्हता. तो त्यांचा रस्ता होता. आणि बाबासाहेब १९१३ साली उच्च शिक्षणासाठी न्यूयॉर्कला गेले, तेही समुद्रमार्गानेच.

अजिंठ्याच्या पहिल्या लेणीत महाजनक जातक चित्रित आहे. मुले ते भिंतीवर पाहतात. त्याची कथा आपण त्यांना अधिक विस्ताराने सांगायला हवी. जहाज बुडू लागते तेव्हा प्रवासी रडतात, देवांचा धावा करतात. महाजनक धावा करीत बसत नाही. तो पोटभर खाऊन घेतो, वस्त्रांना तेल लावतो, डोलकाठीवर चढून दिशा पाहतो आणि मग पाण्यात उतरतो. सात दिवस तो पोहत राहतो. किनारा दिसत नसताना हे श्रम कशासाठी, असे विचारले असता तो पुरुषार्थाची बाजू मांडतो. कथेत पुढे देवता येते, ती कथेची रीत. आपण मुलांना त्याआधीचा भाग शिकवावा : तयारी, दिशेचे ज्ञान आणि न थकता मारलेले हात. ज्या धम्माने पराक्रमाचे उदाहरण म्हणून पोहणारा माणूस निवडला, त्या धम्माच्या शाळेतील मुले पाण्याला भिणारी असू नयेत.

अंगुत्तर निकायात तथागतांनी महासागराच्या आठ वैशिष्ट्यांची उपमा धम्माला दिली आहे. त्यांतील नद्यांचा दृष्टान्त आपल्या परिचयाचा आहे. १५ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या भाषणात बाबासाहेबांनीही तो दिला होता. नद्या समुद्राला मिळाल्या की त्यांची वेगळी नावे उरत नाहीत, तसे संघात आल्यावर वर्ण आणि जाती उरत नाहीत. या आठांतील पहिले वैशिष्ट्य मात्र शिक्षकांनी विशेष ध्यानात ठेवण्याजोगे आहे. समुद्र एकदम खोल होत नाही, तो उतरत उतरत खोल होत जातो. धम्मातील शिक्षणही तसेच क्रमाक्रमाने होते. आपल्या उपक्रमाचा आराखडा याच क्रमाने असावा.

पहिली पायरी तरणतलावाची. जून ते डिसेंबर या काळात जिल्ह्याच्या किंवा तालुक्याच्या ठिकाणच्या तरणतलावात, प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली, गटागटाने शिक्षण द्यावे. जे मूल पाच मिनिटे न घाबरता तरंगू शकेल आणि पंचवीस मीटर पोहू शकेल, त्यालाच पुढची पायरी मिळावी. बाकीच्यांना अपयशी न ठरवता अधिक वेळ द्यावा. दुसरी पायरी मास्क आणि नळीची, तीही तलावातच. मास्कमध्ये पाणी शिरले तर वरची कड दाबून नाकाने उच्छ्वास कसा सोडावा, नळीत पाणी आले तर जोराची फुंकर कशी मारावी, हे उभे राहता येईल इतक्या पाण्यात अंगवळणी पडले पाहिजे. तिसरी पायरी ओहोटीच्या किनाऱ्याची. पाणी ओसरले की कातळांतील डबक्यांत खेकडे, कालवे, शंखातले प्राणी, समुद्रफुले उघडी पडतात. मुंबईत ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ ही मंडळी २०१७ पासून नागरिकांना अशा किनाऱ्यावर फिरवून हे जग दाखवीत आली आहेत. त्यासाठी पोहणेही लागत नाही. भरती-ओहोटीचे वेळापत्रक वाचता आले पाहिजे. भरती रोज सुमारे पन्नास मिनिटे उशिरा येते, अमावास्या-पौर्णिमेला उधाण असते आणि अष्टमीच्या सुमारास पाण्याची चढउतार कमी होते, हे भूगोलाच्या पुस्तकातील वाक्य तेथे पायाखाली खरे होते. आणि शेवटची पायरी मालवणची.

मालवणच का? सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरातील कातळांवर प्रवाळांच्या वसाहती आहेत. १९८७ साली तेथे २९.१२ चौरस किलोमीटरचे सागरी अभयारण्य घोषित झाले. १६६४ साली ज्या कुरटे बेटावर छत्रपती शिवाजी महाराजांनी किल्ल्याचे बांधकाम सुरू केले, त्याच बेटाच्या भोवती महाराष्ट्रातील ही अनमोल सागरी संपदा आहे. तटबंदी इतिहास सांगते आणि तिच्या पायथ्याचे पाणी जीवशास्त्र सांगते. एका फेरीत दोन्ही विषय शिकवण्याची सोय अन्यत्र सहसा मिळणार नाही.

पाण्यात मान खाली घातल्यावर मुलाला दिसणारी पहिली गोष्ट बहुधा काळ्या पट्ट्यांच्या माशांचा थवा असेल. नंतर कातळाच्या कपारीतला गोब्रा, तांबोशी, नशीब असेल तर शेवंडीच्या लांब मिशा. पण शिक्षकाने बोट दाखवावे ते दगडासारख्या दिसणाऱ्या प्रवाळाकडे. तो दगड नाही. असंख्य सूक्ष्म प्राण्यांनी चुन्याचा सांगाडा घडवून उभारलेली ती वसाहत आहे. त्या प्राण्यांच्या शरीरात सूक्ष्म शैवाल राहते, सूर्यप्रकाशावर अन्न तयार करते आणि त्यातील मोठा वाटा यजमानाला देते. समुद्राचे पाणी नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा एखाद्या अंशानेच अधिक तापले आणि काही आठवडे तसेच राहिले, तरी हे सहजीवन तुटते. शैवाल निघून जाते, प्रवाळ पांढरे पडते आणि ताण टिकला तर मरते. हवामानबदल हा शब्द मुले निबंधात लिहितात. येथे त्याचा अर्थ त्यांना डोळ्यांनी पाहता येईल.

याच ठिकाणी आणखी एक धडा देता येईल. मंगळ शांत करण्यासाठी अंगठीत घालतात ते पोवळे म्हणजेही एका सागरी प्राण्याचा सांगाडाच. ज्याने जिवंत प्रवाळ पाहिले आहे, त्याला मृत प्राण्याचा तुकडा आकाशातील ग्रहावर कसा परिणाम करील, हा प्रश्न कोणी न शिकवता पडेल. वैज्ञानिक दृष्टिकोन वाढवणे आणि सजीवांविषयी करुणा बाळगणे, ही दोन्ही मूलभूत कर्तव्ये आपल्या संविधानाच्या अनुच्छेद ५१ क मध्ये आहेत. प्रवाळाच्या एका वसाहतीपुढे ती दोन्ही एकाच वेळी शिकवता येतात. भौतिकशास्त्रही मागे राहत नाही. पाण्याखाली वस्तू सुमारे एक तृतीयांशाने मोठ्या का दिसतात, खोलीबरोबर लाल रंग आधी का मावळतो, गोड्या पाण्यापेक्षा खाऱ्या पाण्यात शरीर हलके का वाटते, श्वासनळी दोन मीटर लांब का करता येत नाही, या प्रश्नांची उत्तरे फळ्यावरही देता येतात. परंतु प्रश्न मात्र पाण्यातच निर्माण होतात.

आपल्या शाळेच्या संस्कारांशीही हे शिक्षण जुळते. रोजच्या वंदनेत मुले धम्माला ‘एहिपस्सिको’ म्हणतात : ये आणि स्वतः पाहा. कोणी सांगितले म्हणून मानू नये, पारखून घ्यावे, हा आपला वारसा. सकाळच्या आनापानसतीत मुले आपल्या श्वासाकडे लक्ष देतात. नळीतून श्वास घेताना तोच श्वास कानांत स्पष्ट ऐकू येतो; तो उथळ आणि वेगवान झाला की भीती वाढते, संथ केला की ती ओसरते. ध्यानाच्या वर्गातील सराव येथे थेट उपयोगी पडतो. पंचशीलातील पहिली दोन शीलेही येथे आचरणात उतरतात. प्रवाळावर पाय ठेवायचा नाही, कोणत्याही जिवाला हात लावायचा नाही. शंख-शिंपला किंवा प्रवाळाचा तुकडा खिशात घालून आणायचा नाही. दगडी प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टाचे संरक्षण आहे, तेव्हा हा कायद्याचाही विषय आहे. मासे जवळ यावेत म्हणून पाण्यात पाव किंवा बिस्किटे टाकण्याची पर्यटकी रीत आपल्या मुलांनी सपशेल नाकारावी. जो जीव आपल्या स्वभावाने वागतो आहे, त्याला आपल्या करमणुकीसाठी याचक बनवू नये.

आणखी एक भान ठेवले पाहिजे. मालवणचा समुद्र हा रिकामा देखावा नाही. तेथील गाबीत आणि अन्य मच्छीमारांचे पोट त्यावर आहे. अभयारण्याची घोषणा झाली तेव्हापासून आपली उपजीविका जाईल या धास्तीने त्यांनी तिला विरोध केला आहे, आणि बाहेरून येणारे पर्यटन व यांत्रिक मासेमारी यांचाही ताण त्यांच्यावर आहे. आपण निसर्गप्रेमाच्या नावाने तेथे जाऊन श्रमिकांच्या जगण्याकडे दुर्लक्ष केले, तर बाबासाहेबांचे विद्यार्थी म्हणवून घेण्याचा आपल्याला अधिकार राहणार नाही. म्हणून मुलांचा एक पूर्ण दिवस मच्छीमारांसोबत जावा. किनाऱ्यावरून अनेक हातांनी ओढायची रापण आणि तिच्या मासळीचे वाटे हा सामूहिक श्रमाचा व अर्थशास्त्राचा पाठ आहे. वारा, पाण्याचा रंग आणि ओढ यांवरून समुद्र ओळखणाऱ्या माणसाचे ज्ञान कोणत्याही पदवीवर नोंदलेले नसते. त्याला मुलांनी ‘सर’ म्हणावे आणि त्याने आज पाण्यात उतरू नका असे सांगितले, तर तो शब्द अखेरचा मानावा.

आता आक्षेपांकडे वळतो. सर्वांत गंभीर आक्षेप धोक्याचा. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूडच्या समुद्रात सहलीला आलेले चौदा विद्यार्थी बुडाले. अशी घटना घडली की शाळा सहलींच्या यादीतून समुद्राचे नावच काढून टाकतात. ही भीती समजण्यासारखी आहे, पण तिच्यातून निघणारा निष्कर्ष उलटा आहे. समुद्राची ओळख नसलेली मुले, पोहण्याचे शिक्षण नसताना, मोकळ्या किनाऱ्यावर सोडली जातात, तेथे धोका असतो. म्हणून आपले नियम कठोर हवेत. पोहण्याची कसोटी उत्तीर्ण झाल्याशिवाय पाण्यात प्रवेश नाही. लाइफ जॅकेट प्रत्येकाला, अपवाद कोणालाही नाही. मुले जोडीनेच उतरतील आणि एकमेकांवर लक्ष ठेवतील. एका प्रशिक्षकामागे मोजकीच मुले असतील आणि काठावर हजेरी घेणारा एक शिक्षक कोरडा उभा राहील. दमा, अपस्मार किंवा हृदयविकार असलेल्या मुलांची वैद्यकीय तपासणी आधी होईल. पालकांची संमती त्यांना सर्व समजावून सांगून घेतली जाईल. पावसाळ्यात हा विषयच निघणार नाही. यांतील एकही अट पुरी होत नसेल, तर मुले किनाऱ्यावर बसून समुद्र पाहतील आणि परत येतील. त्यातही कमीपणा नाही.

दुसरा आक्षेप मुलींविषयीचा. तो बहुधा मोठ्याने बोलला जात नाही. मुलींची नावे यादीतून गुपचूप गळतात. पोशाखाची अडचण असेल तर संपूर्ण अंग झाकणारे पोहण्याचे कपडे मिळतात, आणि उन्हासाठी व खरचटण्यापासून बचावासाठी ते मुलांनीही घालावेत. शिक्षिका आणि महिला प्रशिक्षक असाव्यात. पाळी आलेल्या मुलीला तिच्या इच्छेनुसार दुसऱ्या दिवसाची संधी मिळावी, शिवाशिवीची कुजबुज मात्र कोणी करू नये. आपल्या घरांत आणि वस्त्यांत पाणी आणण्याचे ओझे मुलींनीच वाहिले आहे. पाण्याचे ओझे त्यांचे आणि पाण्याचा आनंद मुलांचा, ही वाटणी आपल्या शाळेत चालू नये.

तिसरा आक्षेप खर्चाचा. ज्यांच्या गणवेशाची आणि वह्यांची चणचण आहे, त्यांना हे चोचले कशासाठी, असे कोणी म्हणेल. माझे म्हणणे असे की गरिबाच्या मुलाला केवळ उपयोगापुरते शिक्षण पुरे, ही कल्पनाच वरून लादलेली आहे. त्याला अन्न, वस्त्र, निवारा द्यावा आणि कुतूहल मात्र श्रीमंतांच्या मुलांसाठी राखून ठेवावे, हा नवा पहारा आहे. मास्क आणि नळ्यांचा एक संच विकत घेतला तर तो अनेक तुकड्यांना पुरतो. तरणतलावाचे शुल्क सवलतीत मिळवता येते. प्रवासाचा खर्च नेहमीच्या सहलीइतकाच आहे.

फेब्रुवारीच्या अखेरीस मुलांनी महाडला चवदार तळ्याचे दर्शन घ्यावे. तेथून मंडणगड तालुक्यात बाबासाहेबांच्या मूळ गावी, आंबडव्याला जावे. त्याच तालुक्याच्या समुद्रकाठी वेळास आहे, जेथे ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी ग्रामस्थ सांभाळतात आणि त्या दिवसांत पिल्ले पाण्याकडे निघालेली दिसू शकतात. पुढे किनाऱ्याकिनाऱ्याने मालवण गाठावे. पाण्याच्या हक्कापासून पाण्याच्या ज्ञानापर्यंतचा हा प्रवास एका सहलीत पूर्ण होतो.

ही स्मरणिका शाळेचे अनेक माजी विद्यार्थी आणि हितचिंतक वाचतील. त्यांच्यापैकी कोणी आज अभियंता असेल, कोणी परिचारिका, कोणी बँकेत, कोणी परदेशी. त्यांना माझी विनंती आहे की पुढील देणगीच्या वेळी भिंतीवरच्या फरशीवर नाव कोरण्याऐवजी एका तुकडीच्या पोहण्याच्या शिक्षणाचा भार उचलावा. संस्थेच्या व्यवस्थापनाला विनंती की येत्या शैक्षणिक वर्षात एका तुकडीपासून, निदान तरणतलावाच्या पायरीपासून, आरंभ करावा. महाडला आपल्या पूर्वजांनी ओंजळभर पाणी उचलले, त्यासाठी मार खाल्ला आणि न्यायालयात दहा वर्षे काढली. त्यांच्या पतवंडांना त्याच पाण्यात निर्भयपणे तरंगता यावे आणि डोळे उघडे ठेवून खाली पाहता यावे, ही अपेक्षा फार मोठी नाही.

नमो बुद्धाय. जय भीम.